फूटभर सावली

पोछ्याचा दांडा तीन फुटांवर कापून घेतला,
वाळूच्या बादलीत रोवला, ओळंबा लावून पाहिला.
(ओळंबा शाळेचा नाही. सातवीतल्या तन्वीशच्या मामाचा,
तो सीवूड्सला टॉवर बांधतो.)
करावे गावातल्या पालिकेच्या शाळेत,
पेव्हर ब्लॉकच्या अंगणात,
सकाळी नऊपासून खडूचे ठिपके.

सणांच्या यादीत हा दिवस नाही.
पाडवा होऊन गेला, गुढ्या उतरल्या,
गाठ्या मुंग्यांनी नेल्या.
फक्त आमच्या मजल्यावरच्या खोर्शेदबाईंनी
आज पहाटे उंबऱ्याशी
पत्र्याच्या डबीने खडूचे मासे छापले,
आणि वाटीभर रवो माझ्या हातात देत म्हणाल्या,
'आज नवं वरस, टीचर, रिकाम्या पोटी जाऊ नको.'

'बाई, बारा वाजले!' चौदा जणांनी एकदम सांगितलं.
म्हटलं, ते मिर्झापूरचे बारा.
आपले बारा आज पाऊण वाजता वाजतील.
ही गोष्ट वर्गाला आवडली,
रोज उशिरा येणाऱ्या यशोदीपला सगळ्यात जास्त.

पाऊण वाजता सावली सगळ्यात आखूड झाली.
पट्टी ठेवली, तर पट्टीएवढीच.
एकोणीस अंशांवरचं आमचं गाव
पृथ्वीच्या अंगावर नेमकं कुठे बसलंय
ते कंपासपेटीत न मावणाऱ्या एका लाकडी पट्टीत आलं.
मी टाळ्या वाजवल्या.
मुलं माझ्याकडे बघत राहिली.

कुंपणापाशी हर्षालीचे बाबा उभे होते,
विसरलेला डबा घेऊन आलेले, मग तिथेच थांबलेले.
म्हणाले, 'अवसेला दोन दिस झाले, बाई.
आता या घडीला खाडी जेट्टीच्या वरच्या पायरीला लागली असंल.
होळीनंतर एकदा, नवरात्राच्या आसपास एकदा,
एवढी वर येते ती.
तुमची काठी आज बोलली.
पायरी आमाला परवापासून सांगते.'

मी त्यांना आत बोलावलं.
फळ्यापुढे मात्र ते उभे राहिले नाहीत,
मुलांच्या रांगेत उकिडवे बसले
आणि अडीचचा ठिपका त्यांनीच लावला,
बोटाने, खडू न घेता, जरा थुंकी लावून.

ठिपके जोडले. रेघ सरळ.
जूनमध्ये ती एका बाजूला वाकते,
डिसेंबरात दुसऱ्या.
आजच्या दिवशी मात्र ती कुणाकडेच झुकत नाही,
पूर्वेकडे चालत राहते,
पाण्याच्या टाकीकडे, मुलींच्या संडासाकडे.

साडेतीनला पश्चिमेच्या टॉवरची सावली
गेटातून आत आली, बादलीवर चढली
आणि काठीची सावली तिने गिळली.
रेघ तिथेच थांबली.
तन्वीश हळूच म्हणाला, 'मामाचाच आहे तो.'

पेपरमधला तक्ता हर्षालीने कापून आणला होता:
उगवला सहा बेचाळीसला, मावळणार सहा एकोणपन्नासला.
'बाई, बारा तास सात मिनिटं. मग समान कसं?'
मी सांगितलं, हवा उजेडाला वाकवते,
सूर्य वर येण्याआधीच दिसतो,
गेल्यानंतरही थोडा वेळ राहतो.
तिने वहीत लिहिलं: सात मिनिटं हवेची.
मी खाली बरोबरची खूण केली. खोडावंसं वाटलं नाही.

पावणेसातला जिना चढले
तेव्हा हे दारात बूट घालत होते,
रबाळ्याच्या कारखान्यात रात्रपाळी.
माझ्या चपला निघाल्या, यांचे बूट चढले,
अकरा वर्षं आमचं असंच आहे,
एकाचा दिवस, एकाची रात्र.
पदराला खडू लागलेला पाहून म्हणाले,
'काय झालं आज?'
म्हटलं, पट्टी बसली.
काही न कळता ते हसले,
वाटीतला उरलेला रवो चमच्याने खाल्ला, उभ्याउभ्या,
आणि मग लांब टांग टाकून
मासे न पुसता
निघाले.